कोपऱ्यात सांगितलेली खोट

सदाशिव पेठेतल्या त्या जिन्याच्या तोंडाशी पाटी होती : ‘चपला ओळीत काढाव्यात. वर्ग सहाला सुरू होतो. सहा वाजून पाच मिनिटे ही वेळ आपल्या घरी पाळावी.’ पाटी अस्सल पुणेरी, वर्ग मात्र चिनी भाषेचा. २००४ सालच्या जून महिन्यात उत्तरेश्वर घुले नावाचा एकोणपन्नास वर्षांचा फिटर भोसरीहून पीएमटीनं महापालिकेपर्यंत आणि तिथून पायी असा पावणेसहालाच त्या पाटीसमोर येऊन उभा राहिला. उशिरा येणाऱ्यानं काय करायचं ते पाटीनं सांगितलं होतं, लवकर येणाऱ्याबद्दल ती गप्प होती. म्हणून तो पंधरा मिनिटं जिन्यातच बसून राहिला.

वर बारा जण होते, सगळे आयटीतले किंवा आयटीत जायला निघालेले. कोणाला कंपनी शांघायला पाठवणार होती, कोणाला जर्मन-जपानीच्या वर्गात जागा मिळाली नव्हती. त्यांच्या पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा होत्या. उत्तरेश्वरच्या हातात कापडी पिशवी, तिच्यात रिकामा डबा आणि शंभर पानी वही. नखांच्या कडांना निळा रंग. एका मुलीनं सरकून जागा दिली आणि विचारलं, “काका, मुलाला सोडायला आलात का?”

“न्हाई,” तो म्हणाला, “मुलगा मीच हाय.”

वर्ग हसला, तोही हसला. पण पदवीवाल्यांमध्ये हा दहावी आणि आयटीआय. त्यात जीभ मराठवाड्यातल्या केज तालुक्यातली, तिला शुद्ध मराठी बोलतानासुद्धा दम लागायचा.

तो पुण्यात आला १९७५ साली, आणि चार ठिकाणी हेलपाटे घालून १९७९ मध्ये भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चिकटला तो चिकटलाच. कारखान्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग बनत : दुचाकीच्या दिव्यांची कवचं, मिक्सरच्या मुठी, पंख्याच्या टोप्या. हे भाग ज्या पोलादी साच्यांत ओतायचे ते साचे टूलरूम तयार करी. साचा म्हणजे पोलादाचे दोन अर्धे. ते एकमेकांवर असे मिटले पाहिजेत की मधून वाफसुद्धा सुटू नये. यंत्रं पोलाद कापून देत. मिटवायचं काम हाताचं. एका अर्ध्याला निळा रंग पुसटसा चोळायचा, दोन्ही अर्धे मिटवायचे आणि उघडून बघायचं. जिथे समोरच्या पोलादावर निळं उमटलं तिथे जोड बसला, जिथे उमटलं नाही तिथे फट राहिली. मग उमटलेली जागा कानशीनं केसाच्या अंशाइतकी उतरवायची, परत निळं, परत मिटवणं. एका साच्याला असं शंभरदा. हे करून करून त्याचे हात इतके निळे झाले होते की बायकोनं, चंद्रभागेनं, त्याला पिठाच्या डब्याला हात लावायची कायमची बंदी घातली होती.

शेजारच्या बाकावर कोंडीराम काम करायचा. हा मूळचा भोसरीचा. कारखाना ज्या जमिनीवर उभा होता ती एके काळी त्याच्या बापाची ज्वारीची पट्टी. एमआयडीसीनं ती घेतली आणि त्या बदल्यात म्हणा, दयेनं म्हणा, पोराला नोकरी मिळाली. मोठ्या मिलिंग मशीनच्या खाली आमची विहीर बुजवलीय, असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत असे. उत्तरेश्वरला तो पहिल्या दिवशी ‘पाव्हणं’ म्हणाला, आणि पंचवीस वर्षं पुढेही तेच म्हणत राहिला. जमीन माझी, तू पाहुणा, असा त्यात टोमणा होता. पण उत्तरेश्वरच्या धाकट्या मुलीला टायफॉइड झाला तेव्हा हाच कोंडीराम तीन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. रोजचा डबा दोघांचा एकच. कोणाची भाकरी कोणी खाल्ली याचा हिशेब दोघांच्याही बायकांनी कधीच सोडून दिला होता.

हे सगळं बरं चाललेलं असताना चीन कुठून उपटला, तर तो बाजारातून उपटला. देशाची दारं उघडली तसा सगळ्यांना वारा लागला. कोणाला गार, कोणाला बाधणारा. थोरले साहेब गेल्यावर कारखाना त्यांच्या मुलाच्या, सलिलसाहेबांच्या हातात आला. शनिवार पेठेतलं जुनं घराणं, शिक्षण परदेशात, बोलणं पोस्टाच्या तारेइतकं तोकडं. त्यांनी उत्तरेश्वरला केबिनमध्ये बोलावलं आणि बसा म्हणायच्या आत मुद्द्यावर आले.

“मास्तर, आपण पाच महिन्यांत जो साचा करता तो चीनमध्ये दोन महिन्यांत होतो. निम्म्या किमतीत. चांगला होतो का, ते मला ठाऊक नाही. तिथले दुभाषे विकणाऱ्याच्या बाजूचे असतात. मला माझा माणूस हवाय, साचा कळणारा. साचा कळणाऱ्याला चिनी शिकवणं सोपं, की चिनी येणाऱ्याला साचा शिकवणं सोपं?”

“दोन्ही अवघडच, साहेब.”

“मग अवघडातलं स्वस्त ते करू. फी कंपनी देईल.”

वर्ग घ्यायच्या त्या सुरुचीबाई. वय पस्तिशीचं, चीनमध्ये सहा वर्षं काढून आलेल्या, आवाजात धार. चिनीत एकच शब्द चार सुरांत बोलता येतो आणि सूर चुकला की अर्थ चुकतो, हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि उत्तरेश्वरनं कपाळावर हात मारला. त्याच्या तोंडून चारही सूर एकाच पट्टीत बाहेर पडत. शेवटी त्यानं स्वतःची युक्ती काढली. पहिला सूर म्हणजे चालू ग्राइंडर, एकसारखा. दुसरा म्हणजे लेथ सुरू होताना चढतो तो आवाज. तिसरा, बस खड्ड्यात जाऊन वर येते तो. चौथा, पट्कन खाली येणारा प्रेस. भोसरीच्या बसमध्ये तो मागच्या बाकावर बसून पुटपुटे. कंडक्टरला वाटलं म्हातारा जप करतोय, म्हणून त्यानं एकदा सुट्या पैशांवरून कटकटसुद्धा केली नाही.

लिहिण्यात मात्र त्यानं सगळ्यांना मागे टाकलं. आधी वरचं मग खालचं, आधी डावं मग उजवं, चौकटीत आधी आतलं भरायचं आणि तळची रेघ शेवटी मारून ती बंद करायची, हे नियम ऐकून तो चकित झाला. हे तर कामाचेच नियम! पण पहिल्या परीक्षेत एक गंमत झाली. त्यानं वीसच्या वीस अक्षरं उलटी लिहिली, आरशात दिसतात तशी. साच्यात अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे वस्तूवर सुलटं उमटतं. पंचवीस वर्षांची हाताची सवय, नवी लिपी समोर आली तशी आपसूक कामाला लागली होती. मुलं हसली. सुरुचीबाईंनी कागद खिडकीच्या काचेला लावला, मागच्या बाजूनं पाहिला, आणि म्हणाल्या, “इकडून वाचलं तर वर्गातलं सगळ्यात सुंदर अक्षर आहे.” चंद्रभागेला त्यानं हे वाक्य घरी जाऊन तीनदा सांगितलं.

भाषेबरोबर बाई रीतभातही शिकवत. वस्तू द्यायची ती दोन्ही हातांनी. हातानं काम करणाऱ्या जाणत्या माणसाला ‘शिफू’ म्हणायचं; आपल्या उस्तादासारखं. एके दिवशी त्यांनी फळ्यावर ‘चेहरा’ हा शब्द लिहिला आणि तासभर तेवढ्यावरच बोलल्या. “तिथे माणसाची चूक चारचौघांत दाखवायची नाही. कितीही खरी असली तरी. त्याचा चेहरा काढून घेतल्यासारखं होतं, आणि मग तो परत देता येत नाही. बाजूला न्यायचं, हळू सांगायचं, त्याला सावरायला वेळ द्यायचा.”

“मॅडम, म्हणजे पुण्याच्या बरोबर उलट,” मागून एक मुलगा म्हणाला.

“हो,” बाई म्हणाल्या, “म्हणून तुम्हाला जड जाणार.”

उत्तरेश्वरला मात्र ते जड गेलं नाही. त्यानं ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. तरुणपणी एकदा एका इंजिनिअरनं अख्ख्या टूलरूमसमोर त्याचा साचा जमिनीवर आपटला होता, ते त्याला आठवलं. चूक त्याचीच होती. पण तो आवाज त्याच्या कानातून अजून गेलेला नव्हता.

दीड वर्ष तो वर्गाला जात राहिला. वर्गातली बारा मुलं पांगली, नवी आली, ह्यानं एक दिवस बुडवला नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये चीनमधला पहिला साचा तयार झाला : एका मोठ्या दुचाकी कंपनीच्या नव्या गाडीच्या मागच्या दिव्याच्या कवचाचा. निघायच्या आदल्या दिवशी सलिलसाहेबांनी त्याला परत बोलावलं.

“मास्तर, स्वच्छ सांगतो, मागाहून सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. ग्राहकाची तारीख पाच महिन्यांवर आलीय, दुरुस्तीची वाट बघायला वेळ नाही. शनिवारी ट्रायल, शनिवारीच शेरा. आपण नापास लिहिलंत की रविवारी मी इथे पोलाद कापायला घेतो, आणि हे चीनचं प्रकरण पुढची काही वर्षं बासनात. पास लिहिलंत तर टूलरूम ठेवण्यात अर्थ नाही. अकरा माणसं आहेत. त्यांना मी रीतसर मोकळं करीन. आपण राहाल, चीनच्या कामाला.”

“माझ्या सहीवर अकरा जण?”

“आपण कधी खोटं लिहिलं नाहीत, म्हणून आपली सही.”

टूलरूमपासून ही गोष्ट लपली नाही. दुपारी डबा उघडताना कोंडीराम म्हणाला, “पाव्हणं, तू खोटं लिवू नको. आमीबी तसलं सांगनार न्हाय. पन दोन म्हैन्यात केल्याला मोल्ड, त्यात खोट असनारच. असली की चारचौघांत बोट ठेव आन लिव. बास.”

“असली तर लिहीन,” उत्तरेश्वर म्हणाला. “शब्द दिला.”

मग कोंडीरामनं नेहमीप्रमाणे आपल्या भाकरीतली अर्धी त्याच्या डब्यात टाकली आणि विषय संपला.

चीनच्या दक्षिणेतलं ते गाव उत्तरेश्वरला ओळखीचं वाटलं, आणि ह्याचाच त्याला धक्का बसला. तेच पत्र्याचे शेड, पोलाद कापताना सोडायच्या कूलंटचा तोच वास, रस्त्यावर तोच लोखंडाचा कीस. कारखान्याचा मॅनेजर तिशीतला होता, चकचकीत बुटांचा. साचा ज्यानं मिटवला तो फिटर उत्तरेश्वरच्याच वयाचा : लिआंग शिफू. बुटका, केस पांढरे, नखांच्या कडा निळ्या. त्यानं चहाचा पेला दोन्ही हातांनी पुढे केला. उत्तरेश्वरनं दोन्ही हातांनी घेतला. दोघांची नजर एकमेकांच्या नखांवर गेली आणि दोघेही जरासे हसले. दीड वर्षाच्या शिकण्यातलं एकही वाक्य तिथे खर्ची पडलं नाही.

शनिवारी सकाळी ट्रायल झाली. मशीनभोवती पंधरा-वीस कामगार उभे होते. पहिली कवचं पडली, स्वच्छ, लखलखीत. मॅनेजरनं टाळी वाजवली. उत्तरेश्वरनं साचा उघडायला लावला, निळं मागितलं, स्वतः चोळलं, मिटवला, परत उघडला. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, निळं उमटलं नव्हतं. फट केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. आज काही दिसलं नसतं. पाच-दहा हजार कवचं निघाली की त्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा पापुद्रा यायला लागला असता, आणि मग साचा रोज मार खात गेला असता. तिथल्या गर्दीत हे दोनच माणसांना दिसलं. लिआंग शिफूचा चेहरा उतरला होता, म्हणजे त्यालाही दिसलं होतं.

मॅनेजरला काहीतरी शंका आली. तो लिआंगच्या अगदी जवळ गेला आणि हळू, दात न उघडता बोलला. हा परदेशी पाहुणा ‘नमस्कार’ आणि ‘आभार’ ह्यापलीकडे समजत नसणार, अशी त्याची खात्री होती. पण त्याचे शब्द सोपे होते. उत्तरेश्वरच्या पुस्तकात पाचव्या धड्यापर्यंत येऊन गेलेले. उद्या. येणं. नको. हे बरं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.

उत्तरेश्वरला ते समजलं. समजलं नसतं तर त्यानं त्याच क्षणी कोपऱ्यावर बोट ठेवलं असतं, नापास लिहिलं असतं, आणि भोसरीत अकरा घरांत त्या दिवशी गोडधोड झालं असतं. पण भाषा एकदा कानात शिरली की ती बाहेर काढता येत नाही. शेऱ्याचा कागद समोर होता, पेन हातात होतं, वीस माणसं बघत होती. त्याला कोंडीरामला दिलेला शब्द आठवत होता. वहीतल्या दोन रेघाही आठवत होत्या. जमिनीवर आपटलेल्या साच्याचा आवाज आठवत होता.

त्यानं पेनाला टोपण लावलं. “यंत्र अजून गार आहे,” तो मॅनेजरला मोडक्या चिनीत म्हणाला, “सोमवारी परत बघू.” आणि पुण्याला फॅक्स केला : शेरा सोमवारी.

जेवणाची सुट्टी झाली, माणसं पांगली. लिआंग एकटाच साच्यापाशी उभा होता. उत्तरेश्वर त्याच्याजवळ गेला. इतक्या वेळा घोकलेली वाक्यं नेमकी तेव्हा सुचेनात, म्हणून त्यानं निळ्यात बोट बुडवलं आणि त्या कोपऱ्याशेजारी पोलादावर दोन अक्षरं लिहिली : बू हाव. बरं नाही. पोलादावर बोट टेकलं की त्याचा हात उलटंच लिही, तसंच त्यानं उलटं लिहिलं. लिआंगनं मान न वळवता ते वाचलं. साचेवाल्याला उलटं वाचायला कष्ट पडत नाहीत. त्यानं सुताच्या बोळ्यानं ती अक्षरं पुसली आणि बोळा खिशात घातला.

उत्तरेश्वरच्या मनात आलं, आपण रीत पाळली. बाजूला नेऊन सांगितलं. आता सोमवारी लिहू. रीतीचा पुढचा अर्धा भाग, ‘सावरायला वेळ द्यायचा’, हा आपण आत्ताच देऊन बसलोय, ते त्यानं स्वतःच्या मनात येऊ दिलं नाही.

रविवारी कारखाना बंद होता. सोमवारी साचा उघडला तेव्हा निळं सगळीकडे उमटलं होतं. एका दिवसात, एकट्यानं, हातानं. तो कोपरा उत्तरेश्वरनं बोटानं चाचपला, नखानं चाचपला, भिंग मागवून पाहिला. खोट नव्हती. इतकं स्वच्छ काम त्यानं स्वतः आयुष्यात दोनदा-तीनदा केलं असेल. लिआंगचे डोळे लाल होते आणि बोटांना पट्ट्या होत्या. मॅनेजरनं कागद पुढे केला. लिहिण्यासारखं आता एकच उरलं होतं, ते उत्तरेश्वरनं लिहिलं आणि सही केली. निघताना लिआंगनं चहाच्या पत्तीचा डबा दोन्ही हातांनी त्याला दिला. उत्तरेश्वरला तो नको होता, पण नको कसं म्हणायचं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

पुण्यात सलिलसाहेबांनी एवढंच विचारलं, “सोमवार कशाला लागला?”

“नीट बघायचं होतं.”

“बघितलंत. छान.”

मार्च २००६ मध्ये टूलरूम बंद होणार असं ठरलं. तोवरचे चार महिने उत्तरेश्वर त्या अकरा जणांमध्ये वावरला. कोणी त्याला बोल लावला नाही. मोल्डच चांगला होता त्याला पाव्हणा काय करणार, असं कोंडीराम स्वतः सगळ्यांना समजावत होता आणि भाकरी अजून अर्धी देत होता. ती भाकरी उत्तरेश्वर डब्यात तशीच घरी नेई. चंद्रभागा म्हणाली, सांगू नका, आता सांगून कोणाचं भलं होणार आहे? तिचं म्हणणं बरोबर होतं. पण माणसाला काही गोष्टी पचत नाहीत.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यानं कोंडीरामला सायकल स्टँडच्या मागे नेलं आणि सांगितलं. कोपरा, फट, मॅनेजरचे शब्द, सोमवार, सगळं. कोंडीरामनं विचारलं, “हितं कशाला आनलास मला?”

“एकट्याला सांगावं म्हणून.”

“त्या चिन्याला कोपऱ्यात सांगितलंस, आन मलाबी कोपऱ्यात? त्याची अब्रू गेली असती. आमची काय गेली?” त्यानं उत्तरेश्वरचं मनगट धरलं. “आत चल. आकरा मानसं हायेत. चारचौघांत बोट ठेव म्हनलं व्हतं, आता ठेव.”

आत कपाटं रिकामी करणं चाललं होतं. उत्तरेश्वर मोठ्या मिलिंग मशीनपाशी उभा राहिला आणि त्यानं पुन्हा सगळं सांगितलं. कोणी शिवी दिली नाही. सगळ्यात वयस्क फिटरनं विचारलं, “फट किती होती?”

“केसाचा तिसरा हिस्सा.”

“हातानं बसवला? एका दिवसात?”

“हातानं.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्या मान हलवण्यात कौतुक होतं, आणि ते त्याला लपवता आलं नाही. बाकीच्यांनाही ते कळलं. कोंडीराम म्हणाला, “तुला ठावं व्हतं. सोमवारपतूर तो दुरुस्त करनार, हे तुला ठावं व्हतं.”

“हो,” उत्तरेश्वर म्हणाला. “मी असतो तर मी पण केलं असतं.”

कोंडीरामनं आपला डबा उचलला, त्यातली भाकरी काढून कागदात गुंडाळली, खिशात घातली आणि तो बाहेर गेला. सत्तावीस वर्षांत त्यानं डबा एकट्यानं पहिल्यांदा नेला.

पुढचं लवकर आटपलं. उत्तरेश्वर चीनला आणखी सहा वेळा गेला. मग तिकडच्या विक्रेत्यांनी इंग्रजी बोलणारी पोरं ठेवली आणि ह्याचं कामही सरलं. लिआंग शिफूची गाठ तिसऱ्या खेपेनंतर पडली नाही. हाताचं काम करणारं मोठं यंत्र आलं आणि त्यालाही उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं, असं कोणीतरी बोललं. दोन साच्यांपुरता वाचला होता माणूस. सलिलसाहेबांनी जागा विकली. पत्रे उतरले, मिलिंग मशीन भंगारात गेलं, बुजलेल्या विहिरीवर सात मजली काचेची आयटी इमारत उभी राहिली.

कोंडीराम तिच्या फाटकावर सिक्युरिटीला आहे, असं २०१३ मध्ये उत्तरेश्वरच्या कानावर आलं. आठ दिवस विचार करून तो गेला. जाताना लिआंगनं दिलेला चहाचा डबा पिशवीत घातला. सात वर्षांत त्यानं तो उघडलाच नव्हता.

सकाळी दहाची वेळ होती. गळ्यात पट्टे घातलेली मुलं फाटकातून आत चालली होती. कोंडीराम निळ्या गणवेशात टेबलापाशी बसला होता, छातीवर त्याच्या नावाची पट्टी. पूर्वीपेक्षा वाळला होता. त्यानं मान वर करून पाहिलं. ओळख त्याच्या डोळ्यांत आली, अगदी स्पष्ट आली, आणि मग त्यानं ती काढून घेतली.

“या साहेब,” तो म्हणाला. “नोंद करा.”

आयुष्यात पहिल्यांदा तो त्याला साहेब म्हणाला होता. उत्तरेश्वरनं डबा दोन्ही हातांनी पुढे केला. कोंडीरामनं रजिस्टर त्याच्याकडे सरकवलं आणि पेन वर ठेवलं. मागे रांग लागत होती. उत्तरेश्वरनं डबा बगलेत धरून लिहिलं. नाव : उत्तरेश्वर घुले. येण्याची वेळ : दहा वाजून पाच. कोणाला भेटायचे : कोंडीराम, टूलरूम.

कोंडीरामनं रजिस्टर आपल्याकडे फिरवून ते वाचलं. बोट ठेवून, एकेक अक्षर वाचलं.

“टूलरूम हितं न्हाय,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “आन ह्या नावाचा मानूसबी हितं न्हाय.”

मग त्यानं रजिस्टर परत उत्तरेश्वरसमोर ठेवलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट टेकवलं. उत्तरेश्वरनं तिथे जाण्याची वेळ लिहिली आणि सही केली.